वडगावची लढाई उभी करायची तर

अमेरिकेतील लेक्झिंग्टन गावी दरवर्षी एप्रिल महिन्यात भल्या पहाटे एक लढाई होते. १९ एप्रिल १७७५ रोजी तेथे इंग्रज पलटण आणि वसाहतीतील शेतकरी समोरासमोर आले. आठ गावकरी पडले आणि क्रांतियुद्धाला तोंड फुटले. आता हौशी नागरिक त्या काळचा पोशाख करून तो प्रसंग पुन्हा उभा करतात. बंदुकीत दारू असते, गोळी नसते. विशेष म्हणजे तांबड्या डगल्यातील इंग्रज शिपायांचे सोंगही तेथलेच लोक घेतात. यालाच ‘जिवंत इतिहास’ म्हणतात.

आपल्याकडे ही हौस नाही असे नाही. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे दर जुलैत पदयात्रा निघतात. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जपले आहेत. मात्र इंग्रजांशी झालेल्या युद्धांकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

माझे गाव उरवडे, मुळशी तालुक्यातले. शेजारच्याच मावळात वडगाव आहे. अमेरिकेत क्रांतियुद्ध चालू असतानाच, जानेवारी १७७९ मध्ये, येथे मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले. रघुनाथरावांना गादीवर बसविण्यासाठी मुंबईची फौज बोरघाट चढून आली होती. सामानाला १९,००० बैल! घाट चढल्यावर कार्ल्यापर्यंतचे आठ मैल चालायला तिला अकरा दिवस लागले. ४ जानेवारीला कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्यास पडला. ९ तारखेला फौज तळेगावी पोचली, तो गाव जाळून रिकामे केलेले, दाणावैरण नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली. वडगावी महादजी शिंद्यांनी तिला घेरले आणि १६ तारखेला तह झाला.

हा प्रसंग उभा करायचा तर महादजी व्हायला सगळेच तयार होतील. परंतु त्या सुमारे ३,९०० लोकांच्या फौजेत गोरे सहाशेच्या आसपास होते. बाकी बहुतेक देशी शिपाई. पगारासाठी कंपनीची बंदूक खांद्यावर घेतलेला तो शिपाई कोण होणार? आणि स्वतःचे घर सोडून, पेटलेल्या गावाकडे पाहत रानात गेलेली तळेगावची बाई?

माझ्या मते खरा अभ्यास या भूमिकांत आहे. जयघोष एका दुपारी आटोपतो. त्या शिपायाने काय खाल्ले, त्याच्या पाठीवर किती ओझे होते, हे शोधायला मात्र वर्ष जाते. तेवढी तयारी असेल तरच तलवार हाती घ्यावी. नाहीतर ती नुसती मिरवणूक होईल.