डोळा गंडवतो, बॉस!

कॉफीचा मग खाली ठेवा. दोन्ही हात समोर ताणून अंगठे शेजारी-शेजारी उभे करा. (बाजूच्या क्युबिकलमधले बघतायत? बघू देत!) डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच बघत उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर जायच्या आतच त्याचं टोक गायब! अजून थोडा सरकवा, पुन्हा हजर. मी हे एका कॅफेत केलं, तर वेटर बिलच घेऊन आला.

हा आपला अंधबिंदू. एडम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो सतराव्या शतकात शोधला. माणूस, मांजर, गाय, सगळ्याच सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातली वायरिंग उलटी. प्रकाश टिपणाऱ्या पेशी पडद्याच्या मागच्या थरात आणि मेंदूकडे जाणारे तंतू पुढे. माणसात हे दहा लाखांच्या आसपास तंतू एका जागी गोळा होतात आणि पडद्यातून आरपार मागे जातात. तेवढ्या जागेत प्रकाश टिपणारं कुणीच नाही. ऑक्टोपसचे तंतू मुळातच मागून निघतात, त्यामुळे त्याला ही भानगड नाही. लकी!

मग एरवी आपल्याला हे भोक दिसत का नाही? कारण मेंदू आजूबाजूचं बघून ते भरून टाकतो. एकदम सफाईदार फोटोशॉप.

लोचा इथेच आहे. बुबुळाच्या मागे सतत एक पाणी तयार होतं. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागचे ते तंतू मरायला लागतात. हा काचबिंदू. बहुतेकदा ना दुखणं, ना लाली. नजरेच्या कडेला भोकं पडत जातात आणि मेंदू इमानदारीत ती भरत राहतो! माझ्या काकांना कळलं तेव्हा एका डोळ्याची अर्धी नजर गेली होती. मेलेले तंतू परत येत नाहीत. उपचारांनी उरलेले वाचवता येतात, इतकंच.

आईबाबा किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर तुमचा धोका जास्त. डोळे लाल झाले म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स महिनोन्‌महिने घालत असाल, तरीही दाब चढू शकतो. साधारण 10 ते 21 हा नॉर्मल आकडा. पण नॉर्मल दाबातही काचबिंदू होतो, म्हणून डॉक्टरांना मागची नसही बघायला सांगा. चष्म्याचा नंबर काढताना ती बघितली जातेच असं नाही.