देव, दैव आणि अभय : बाबा आमटे यांच्या नास्तिक्याचे स्वरूप

मराठीतील निरीश्वरवादाचा विचार करू लागले की अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः पुण्या-मुंबईकडे वळते. ‘देवतोत्पत्ति’ लिहिणारे आगरकर, अलीकडच्या काळातील डॉ. श्रीराम लागू अशी नावे पुढे येतात आणि चर्चा ईश्वराच्या अस्तित्वाच्या प्रमाणांभोवती फिरत राहते. ही परंपरा महत्त्वाची आहेच. मात्र तिचे स्थान संपादकाची खोली किंवा व्याख्यानाचे व्यासपीठ हे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे जे घडले त्याचा आरंभ एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या काठी झाला, आणि तेथे युक्तिवादाला फारसा अवसर नव्हता. बाबा आमटे (१९१४–२००८) यांची गणना नास्तिकांमध्ये केली जाते. परंतु ‘ज्वाला आणि फुले’ अभ्यासक्रमात शिकवताना त्यांचा उल्लेख ‘मानवतावादी’, फार तर ‘संतप्रवृत्तीचे कवी’ असा करून हा मुद्दा आपण ओलांडून जातो. असे केल्याने त्यांच्या नीतिविचाराचा आधारच दृष्टीआड होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. मनुस्मृतीच्या लेखी वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. पाणिनीने आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द एकाच सूत्रात साधले असून टीकाकारांनी पहिल्या दोहोंचा संबंध परलोकाशी लावला आहे. परलोक आहे असे मानणारा आस्तिक आणि नाही असे मानणारा नास्तिक. आजच्या मराठीत या शब्दाचा ‘देव न मानणारा’ असा जो अर्थ रूढ आहे, तो या दोहोंहून निराळा होय. तिसऱ्या शब्दाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. दैष्टिक म्हणजे जे घडते ते दिष्टाने, दैवाने घडते असे मानणारा. बाबांचे खरे वैर या तिसऱ्याशी होते. ईश्वर नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिला नाही आणि निरीश्वरवादाची सूत्रबद्ध मांडणीही केली नाही. त्यांनी नाकारले ते प्रामुख्याने दैव. मराठीत ‘देव’ आणि ‘दैव’ या शब्दांत एका मात्रेचेच अंतर आहे, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तुळशीरामचा प्रसंग सर्वपरिचित आहे, तरी त्याचा क्रम नीट पाहिला पाहिजे. हिंगणघाटच्या जमीनदार घरात जन्मलेले, वकिली केलेले मुरलीधर देवीदास आमटे वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांची संघटना बांधताना त्यांनी स्वतः मैला वाहिला होता. त्यापूर्वी रेल्वेच्या डब्यात एका स्त्रीला त्रास देणाऱ्या गोऱ्या सैनिकांना त्यांनी अडवले होते आणि त्याबद्दल गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. असा हा मनुष्य हातापायांची बोटे झडलेला, पावसात भिजत पडलेला देह पाहून घाबरला आणि पळाला. अभयसाधक ही पदवी एका क्षणात खोटी ठरली. पुढे ते परतले, तुळशीरामच्या डोक्यावर आडोसा केला, अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. परतण्याचे कारण मात्र त्यांनी करुणा असे दिले नाही. आपण भ्यालो, आणि जेथे भीती आहे तेथे प्रेम असू शकत नाही, अशी त्यांची कारणमीमांसा होती. ईश्वराची आज्ञा, पुण्याची आशा, परलोकाचे भय यांपैकी एकही दुवा या साखळीत नाही. भयाची लाज आणि त्या भयाच्या कारणाचा शोध एवढाच तिचा आरंभबिंदू आहे. या शोधात ते १९४९ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगविषयक संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास गेले आणि प्रयोगासाठी कुष्ठजंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेण्यास तयार झाले. भीतीवर मंत्र नव्हे, सूक्ष्मदर्शक हा उपाय त्यांनी निवडला.

हे करताना ते केवळ एका रोगाशी झगडत नव्हते. ‘कर्मविपाक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथवर्गात पूर्वजन्मीचे पाप आणि या जन्मीचा रोग यांच्या जोड्या लावलेल्या आढळतात, आणि लोकमनात रक्तपितीचे स्थान या जोड्यांच्या अग्रभागी होते. या विचारसरणीचा नैतिक परिणाम भीषण आहे. रोगी हा आपल्या दुःखाचा स्वतःच अपराधी ठरतो, त्याला गावाबाहेर काढणारे निर्दोष ठरतात, आणि त्याच्यापुढे पैसा टाकणारा पुण्यवान! १८७३ मध्ये आर्मायूर हॅन्सेन यांनी कुष्ठजंतू शोधला, तेव्हा वैद्यकाच्या दृष्टीने हा हिशोब संपायला हवा होता. समाजाच्या दृष्टीने तो संपला नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आपल्या संहितेतून २०१६ मध्ये निघाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होते.

याच अरण्यप्रदेशात रोगाचे दुसरे एक नैतिक स्पष्टीकरण प्रचलित आहे. कर्मसिद्धांत दोष रोग्यावर ठेवतो, तर जादूटोण्याची समजूत तो शेजाऱ्यावर ठेवते. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयातून दोघांना जिवंत जाळण्यात आले. दोन्ही समजुतींना अपराधी हवा असतो. जंतूला मात्र हेतू नसतो, आणि म्हणून रोगाचे निरीश्वर स्पष्टीकरण येथे कोरडे न राहता क्षमाशील ठरते. ‘देव नसेल तर नीती कशाच्या आधारावर?’ हा प्रश्न विद्यार्थी वर्गात हमखास विचारतात. त्यांना बारसेवाड्याचे उदाहरण दिले की प्रश्नाची दिशा थोडी बदलते, असा अनुभव आहे.

अर्थात यावरून आदिवासींची श्रद्धा आणि अंधश्रद्धा एकच मानण्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना उभारताना लोकांनाच विचारले आणि लोकांच्या इच्छेनुसार दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. देवीच्या घरी जायला भीती कसली, अशी त्यामागची भावना. म्हणजे वरोऱ्यात ज्या भीतीवर देवाविना मात करण्यात आली, तीच भीती धानोरा तालुक्यात देवीच्या साहाय्याने कमी झाली. नास्तिक्याचा कैवार घेणाऱ्याने हे उदाहरण टाळता कामा नये.

बाबांच्या विचारातील सर्वांत रोखठोक भाग दयेविषयीचा आहे. दानाने दात्याला पुण्य लाभत असेल, तर रोगी हा त्या पुण्याचे केवळ साधन उरतो. म्हणून जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला तेव्हा सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर शेतीच सुरू झाली. भाजी पिकली, पण वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. हा बहिष्कार हळूहळू ओसरला तो प्रवचनाने नव्हे. या अनुभवातून श्रमाला श्रीरामाच्या जागी बसवणारी आनंदवनाची घोषणा आली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे भाषेकडे पाहावे. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी भरू लागलेल्या शिबिराचे नाव ‘श्रमसंस्कार छावणी’. ‘संस्कार’ हा विधीचा शब्द कुदळीच्या हाती दिला गेला. बाबांच्या मुक्त काव्यगद्यातही धार्मिक शब्दसंपदा विपुल आहे, ख्रिस्तही वारंवार येतो. शब्द जुनेच, त्यांचा अधिष्ठाता बदललेला. त्यांची रचना अधूनमधून घोषणेच्या अंगाने जाते आणि तेथे तिचे काव्यमूल्य उणावते, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय श्रम हाच देव ठरला तर ज्याचे हात पूर्णतः निकामी झाले त्याच्या प्रतिष्ठेचे काय, ही शंका उरतेच. आनंदवनाने वृद्ध व थकलेल्या कुष्ठमुक्तांसाठी सोय केली, हे व्यवहारातील उत्तर होय. तत्त्व म्हणून त्याची मांडणी झालेली दिसत नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या यादीत अभय हाच पहिला गुण आहे. मग बाबांची निर्भयता ही आस्तिक परंपरेचीच उसनवारी नव्हे काय? शब्दापुरते हे खरे आहे. परंतु गीतेत ही संपत्ती घेऊन मनुष्य जन्माला येतो. बाबांकडे अभय आले ते पळून गेल्यानंतर, अपयशाच्या मागून. जन्मसिद्ध गुण आणि पराभवातून कमावलेला गुण यांना एक मानणे कठीण आहे.

तरीही त्यांना एका कप्प्यात बसवता येत नाही. १९९० मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स बर्च यांच्यासमवेत टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, जो त्या काळी धर्मक्षेत्रातील प्रगतीसाठी म्हणून दिला जात असे. सहधर्मचारिणी साधनाताई परंपरेची श्रद्धा जपणाऱ्या होत्या, आणि आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘समिधा’ हे यज्ञातले नाव दिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता देह आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला. त्या जागेला आज ‘श्रद्धावन’ म्हणतात.