मोर, काळा साप आणि उंबरठा

उत्तर इराकमधल्या लालिश दरीत यझिदी या धर्मसमुदायाचं सर्वांत पवित्र स्थान आहे. बाराव्या शतकातले त्यांचे संत शेख आदी यांची समाधी तिथेच आहे. आवारात सगळे अनवाणी फिरतात. मंदिराच्या दाराशेजारी दगडात कोरलेला काळा साप दिसतो. नोहाच्या तारूला भोक पडलं तेव्हा सापाने वेटोळं घालून ते बुजवलं, अशी कथा सांगतात. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडूनच आत जायचं. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको! आत खांबांना रंगीबेरंगी रेशमी कापडं गुंडाळलेली असतात. आधीच्या भाविकाची गाठ सोडायची, म्हणजे त्याची इच्छा पुरी होते, आणि मग मनात आपली इच्छा धरून नवी गाठ मारायची.

यझिदी एकच देव मानतात. त्याने जगाचा कारभार सात देवदूतांवर सोपवला. त्यांचा प्रमुख मलिक ताऊस, त्याचं रूप मोराचं. शेजाऱ्यांनी त्यालाच सैतान ठरवलं आणि यझिदींवर ‘सैतानपूजक’ हा शिक्का मारला. आरोप साफ खोटा, पण त्यापायी शतकानुशतकं कत्तली झाल्या. ऑगस्ट 2014मध्ये सिंजार भागात ‘इस्लामिक स्टेट’ने केलेला संहार त्याच मालिकेतला. त्यातून वाचलेल्या नादिया मुराद यांना 2018चं शांततेचं नोबेल मिळालं.