मशीनला कोणता पॉलिश पेपर लावायचा?

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतले सुतार आज इथे आलेत. हाताने पेपर मारणारे जुने कारागीर आहेत, नव्याने सँडर घेतलेली तरुण मुलंही आहेत. तेव्हा सुरुवात आमच्याच चुकीने करतो.

आम्ही एकदा सागाच्या दारांची जोडी केली. बेल्ट सँडरवर ६० नंबर चालवला आणि घाईत थेट १८० मारला. हाताला दार एकदम गुळगुळीत. मेलामाइनचा हात दिला, दार उजेडात उभं केलं, आणि आडव्या पट्टीच्या सांध्यावर ओरखडेच ओरखडे! सगळं पॉलिश उतरवून पुन्हा घासावं लागलं. वाचवलेला पेपर शंभरेक रुपयांचा असेल, मजुरी गेली दोन दिवसांची.

असं का झालं? पेपर लाकूड गुळगुळीत करतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो ओरखडेच पाडतो. प्रत्येक पुढच्या नंबरचं काम एकच, मागच्या नंबरचे ओरखडे पुसायचे. ६० नंबरचा कण साधारण पाव मिलिमीटरचा, ८० चा ०.२, १२० चा ०.१२ आणि १८० चा ०.०८ मिलिमीटरच्या आसपास. पाव मिलिमीटरच्या कणाने पाडलेली चर १८० चा बारीक कण कधी पुसणार? म्हणून ८०, १२०, १८० अशी पायरी धरायची. रंधा नीट मारलेला असेल तर १२० पासूनच सुरू करा. आणि प्लायवरचं व्हिनियर? ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्यावर बेल्ट सँडर नकोच, ऑर्बिटल घ्या आणि १५० किंवा १८० नेच सुरुवात करा.

आता कण कशाचा ते बघू. लाकडाच्या मशीनसाठी रोजचा पेपर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. हा कण चिवट असतो, मशीनचा वेग आणि दाब सोसतो. झिरकोनिया त्याहून दणकट, पण तो जोरात लाकूड काढण्यासाठी. शेवटच्या घासाईला त्याचा उपयोग नाही. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे आपला काळा वॉटर पेपर. हा कण जास्त कडक आणि धारदार, पण ठिसूळ. कोऱ्या लाकडावर त्याची धार लवकर जाते. पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये ३२० नंबर हलक्या हाताने मारायला मात्र तोच उत्तम. गार्नेटचा कागद हाताने घासायला छान, मशीनवर टिकत नाही.

बरं, साग तेलकट लाकूड. त्याचा भुसा पेपरात चिकटतो, पेपर चोंदतो, मग तो कापत नाही, नुसता तापतो आणि लाकूड काळं पडतं. म्हणून सागाला विरळ कणांचा पेपर मागा. ऑर्बिटलला पांढरट पावडरीचा लेप असलेला मिळतो, तो कमी चोंदतो. बेल्ट चोंदला तर फेकू नका. चालू बेल्टवर क्रेप रबराची पट्टी हलकी टेकवा, भुसा निघून येतो. जुन्या क्रेप तळाच्या चपलेचा तुकडाही चालतो. बोटं तेवढी लांब ठेवा.

पेपरची पाठही बघा. बेल्टला कापडाचीच पाठ हवी, ऑर्बिटलला कागदाची चालते. बेल्टच्या आत बाण असेल तर त्याच दिशेने चढवा, नाहीतर सांधा सुटतो. आणि आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे! दमट हवेत बेल्ट गुंडाळतात, कडा वळतात. फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, कोरड्या कपाटात ठेवा.

ओरखडे पॉलिशच्या आधी कसे ओळखायचे? प्रत्येक नंबरच्या आधी पेन्सिलीने फळीवर हलक्या रेघा मारा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की फळीचा कोपरा सुटला नाही हे कळतं. मग भुसा झटका, कारण मागे राहिलेला एक जाड कणही पुढची घासाई बिघडवतो. शेवटी टॉर्च आडवी धरून बघा. बोटाला जे कळत नाही ते तिरप्या उजेडात दिसतं. मशीन दाबू नका, तिच्या वजनावर चालू द्या.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नंबर बारीक, तसा भुसाही बारीक, आणि तो थेट छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांत धरलं आहे; धोका मुख्यतः नाकाला आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्यांना. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. पेपरची भोकं सँडरच्या भोकांवर नीट जुळवा आणि भुशाची पिशवी अर्धी भरली की रिकामी करा.

तर दुकानात गेल्यावर "चांगला पेपर द्या" एवढंच म्हणू नका. मशीन कोणती, लाकूड कोणतं आणि आधी कोणता नंबर मारलाय, हे तिन्ही सांगा. आता तुमचे प्रश्न घेऊ.