रेयॉनची सुटी झालेली शेपटी

आंबिवली स्टेशनालगतच्या मोहन्यात ‘कंपनी’ म्हणजे एनआरसी. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे पूर्ण नाव बोलण्यात क्वचितच येतं. आद्याक्षरांचाच शब्द झाला. २००९ मध्ये कारखाना बंद पडला, तरी एनआरसी कॉलनी हा पत्ता टिकून आहे. इंग्रजीत नवे शब्द बनण्याची ही एक रीत. पण खरी गंमत मधल्या ‘रेयॉन’मध्ये आहे.

आधी हा धागा बनतो कसा ते पाहू. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करायची. लगद्याचा नारिंगी चुरा होतो. तो पुन्हा पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की काकवीसारखा दाट द्रव मिळतो. हा द्रव बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लात सोडला की त्याचा धागा बनतो. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या रसायनतज्ज्ञांनी १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. द्रवाचं नाव व्हिस्कोज : ‘व्हिस्कस’ म्हणजे चिकट, आणि शेवटचा ‘ओज’ सेल्युलोजकडून उसना. सेल्युलोजने तो ग्लुकोजकडून घेतला होता. म्हणजे शब्द मोडायचा, त्याचं शेपूट सुटं करायचं आणि दुसऱ्याला जोडायचं.

बाजारात मात्र हा धागा ‘कृत्रिम रेशीम’ म्हणून विकला जाई. कृत्रिम म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडणारच! म्हणून १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कापड व्यवसायाने ‘रेयॉन’ हे नाव स्वीकारलं. किरणाचा ‘रे’ चकाकीसाठी, ‘ऑन’ कॉटनसारखा. आता हे ‘ऑन’ही सुटं झालं. १९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं, पुढे ऑरलॉन, डेक्रॉन हे धागे आले. (न्यूयॉर्क आणि लंडन मिळून नायलॉन, ही निव्वळ दंतकथा.) कॉटनमध्ये ‘ऑन’ला स्वतःचा काही अर्थ नव्हता, तो शब्दच मुळात अरबी ‘कुत्न’वरून आलेला. कारखानदारांनी त्या दोन अक्षरांना ‘धागा’ हा अर्थ चिकटवला. व्याकरणकारांना विचारलं कोणी!

आपणही मागे राहिलो नाही. टेरिलीन हा कृत्रिम धागा आणि कॉटन यांच्या मिश्रणाचं कापड आलं, तसा शब्दही मिश्रणाचाच झाला : टेरीकॉट. एका पिढीच्या शाळेच्या गणवेशाला तो पुरला. नायलॉनने तर कापडाचं दुकानच सोडलं. वाण्याकडे नायलॉन पोहे मागा, तो कागदासारखे पातळ पोहे देईल. फरसाणवाल्याकडची नायलॉन शेव केसासारखी बारीक. दोन्हींत नायलॉनचा एक धागा नाही.