माती तपासता, मग रक्त का नाही?



खत टाकण्यापूर्वी माती तपासून घ्यावी, हे आता बहुतेकांना पटले आहे. नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा शेणखताच्या ढिगाजवळचा घेऊ नये, आणि खत टाकल्यावर लगेच तर मुळीच घेऊ नये, हेही आपण जाणता. पण त्याच घरात सुनेला थंडी वाजून ताप आला, की दुकानातून दोन गोळ्या आणून दिल्या जातात. रक्त तपासण्याचे नाव कोणी काढीत नाही. मातीला जो न्याय आपण देतो, तो घरच्या माणसाला का देऊ नये?

डहाणू-तलासरी भागात, सरावलीसारख्या गावांतून व पाड्यांतून, हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. पाऊस भरपूर, भातखाचरांत पाणी, ओहोळ आणि डबकी जागोजागी. भाताचे काम आटोपले की कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा मच्छीमार बोटींवर कामाला जातात. तिकडून पैशाबरोबर कधी कधी तापही घरी येतो.

हिवताप : आधी थेंब, मग गोळी

हिवतापाचा जंतू रक्तात असतो, हे १८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने अल्जेरियात प्रथम पाहिले. तो डासाच्या पोटात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादला शोधून काढले. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या घरात आले. मग ढिलाई झाली आणि १९७६ साली हा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. तण एकदा उपटले म्हणून जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

तपासणी अगदी सोपी आहे. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा एक जाड व एक पातळ थर घेतात. जाड थरात जंतू आहे की नाही ते कळते, पातळ थरात तो कोणत्या जातीचा ते कळते. दुसरी पद्धत पट्टीची. तीत रक्ताचा थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो. अशा पट्ट्या आशाताईंकडेही दिलेल्या असतात.

गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे, हे मात्र विसरू नये. गोळी पोटात गेली की रक्तातील जंतू कमी होतात आणि काचपट्टीवर सापडत नाहीत. रोग मात्र अंगात राहतो. खत टाकल्यावर मातीचा नमुना घ्यावा, तसे ते होते. पहिल्या तपासणीत काही निघाले नाही आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा रक्त तपासून घ्यावे.

जात कळणे का महत्त्वाचे? एका जातीचा हिवताप मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेततो. दुसऱ्या जातीचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन हे औषध देतात. ते गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत. म्हणून दिवस गेले असतील तर बाईने लाज न धरता डॉक्टरांना आधी सांगावे. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तिला कधीही देऊ नयेत.

गरोदरपणात हिवतापाचे जंतू वारेत दडून बसतात. बोटाच्या रक्तात थोडेच दिसले तरी आतल्या बाळाचे पोषण तुटते. आईच्या अंगचे रक्त कमी होते, मूल अपुऱ्या वजनाचे जन्मते, कधी पोटातच जाते. म्हणून गरोदर बाईचा ताप ‘अंगावर काढण्याचा’ नव्हे. भगताकडे जाणारे जातील, त्याला आमची आडकाठी नाही. पण वाटेत आरोग्य उपकेंद्रात बोट टोचून मगच पुढे जावे.

रात्रीचे रक्त

हत्तीरोगाचे जंतू दिवसा शरीरात खोलवर राहतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात. त्यामुळे आरोग्य कर्मचारी रात्री नऊ-दहानंतर दारी येऊन रक्त मागतात. ‘एवढ्या रात्री कशाला?’ म्हणून त्यांना परत पाठवू नये. त्यांच्या अवेळी येण्यामागे हे शास्त्र आहे.

बाळाला आईकडून काय जाते?

दिवस गेल्याचे कळताच, पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे. त्या वेळी रक्ताचे प्रमाण व रक्तगट यांबरोबर तीन तपासण्या अवश्य होऊ द्याव्यात : गरमी, एचआयव्ही आणि ब प्रकारची कावीळ. या तिन्हींची बाधा आईकडून बाळाला होऊ शकते आणि तिन्हींवर इलाज आहे. गरमी पेनिसिलिनने बरी होते. एचआयव्हीत औषध न घेतल्यास शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना बाधा होते. वेळीच औषध घेतल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. ब काविळीत जन्मल्यापासून चोवीस तासांत बाळाला लस मिळावी लागते. म्हणजे ही गोष्ट बाळंतपणापूर्वीच ठाऊक हवी. निकाल आला की नवऱ्याचेही रक्त तपासावे. दोष एकट्या बाईचा असतो हा समज खोटा आहे.

आपल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकारही आढळतो. तो संसर्गाने होत नाही. पण त्याच वेळी त्याचीही तपासणी मागून घ्यावी.

टॉर्चचा कागद आणि घाबरलेले घर

एका पाड्यावर सुनेचे दोनदा गर्भ गेले. कोणी तरी शहरात ‘टॉर्च’ नावाची तपासणी करायला सांगितले. दोन शेळ्या विकून ती केली. कागदावर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असे आले आणि घरात सुनेकडे बोट दाखवणे सुरू झाले. असे प्रसंग एकाच घरी घडत नाहीत, म्हणून नीट समजून घ्या.

टॉर्च म्हणजे टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, रुबेला आणि अशाच काही रोगांची एकत्र तपासणी. ती रोगजंतू शोधीत नाही. रोगाशी लढायला शरीराने जी द्रव्ये तयार केली ती शोधते. शेतात रानडुकराची ओली पावले दिसली तर आज रात्री जागावे लागते. मागल्या हंगामातली वाळलेली पावले एवढेच सांगतात, की डुक्कर कधी तरी येऊन गेले. ‘आयजीएम’ ही बहुधा ओली पावले, ‘आयजीजी’ ही जुनी. नुसते आयजीजी असणे म्हणजे रोग पूर्वी होऊन गेला किंवा लस मिळाली. रुबेलाच्या बाबतीत तर ती चांगलीच खूण. आयजीएमदेखील कधी कधी महिनोन् महिने टिकते. म्हणून एका कागदावरून गर्भ पाडण्याचा निर्णय कोणीही घेऊ नये. तज्ज्ञ डॉक्टर पुन्हा तपासणी करून रोग नवा की जुना ते ठरवतात.

वारंवार गर्भ जाण्यासाठी सरसकट टॉर्च करणे सोडून द्यावे, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०११ सालीच सांगितले आहे. शेळ्या विकण्यापूर्वी ‘या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

गोठा आणि घर

टोक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून व कच्च्या मांसातून येतो. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत, मटण पूर्ण शिजवून खावे.

गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. तिचेही रक्त तपासता येते, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावे. गाभडलेला गर्भ व जार उघड्या हातांनी उचलू नये, चुना टाकून खोल पुरावा. दूध उकळूनच प्यावे, कारण हा रोग माणसालाही होतो आणि ताप महिनोन् महिने येत-जात राहतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना लस टोचून घ्यावी. ती एकदाच द्यावी लागते.

लक्षात ठेवा

ताप आला की त्याच दिवशी रक्त द्यावे. कामावरून परतलेल्याला ताप असल्यास आधी त्याचे रक्त तपासावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी आवणीचे काम थोडे मागे राहिले तरी चालेल. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. तपासणीचे सर्व कागद सातबाऱ्यासारखे एका पिशवीत जपून ठेवावेत आणि दर खेपेस बरोबर न्यावेत. कामासाठी गाव सोडताना ती पिशवी गरोदर बाईच्या गाठोड्यात आधी घालावी.