कॉर्डलेस माईक मध्येच का तुटतो?

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा आपल्या राज्यात नियम आहे. त्या सभेत एखादी बाई धीर करून उठते, पाण्याचं बोलू लागते आणि नेमका कॉर्डलेस माईक खरखरतो. ती मुकाट्याने खाली बसते. बहुतेक वेळा दोष तिचा नसतो, माईकचाही नसतो. रिसीव्हर चुकीच्या जागी असतो.

माईक आपला आवाज रेडिओलहरींवर पाठवतो आणि रिसीव्हरची अँटेना तो पकडते. मध्ये लोखंडी कपाट किंवा पत्रा आला की लहरी अडतात. माणसाचं अंगही त्या शोषून घेतं, कारण अंगात पाणी पुष्कळ. म्हणून रिसीव्हर गर्दीमागे जमिनीवर ठेवू नका. उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा. बोलणारीच्या जागेवरून अँटेना डोळ्यांना दिसली पाहिजे. अॅम्प्लिफायर लांब असेल, तर रिसीव्हर स्टेजजवळ न्या आणि तिथून आवाजाची वायर लांबवा. मात्र माईकपासून तीनेक मीटर अंतर राहू द्या. खिडकीच्या गजांना टेकवू नका. मोबाईल आणि एलईडी दिव्यांच्या माळाही दूर ठेवा.

आता दोन अँटेना कशाला? लहरी भिंतीवरून, पत्र्यावरून उलटूनही येतात. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना मारतात आणि तेवढ्या जागी आवाज गायब होतो. वीतभर सरकलं तर परत येतो. दोन अँटेना असल्या, की एकीला ऐकू न आलेलं दुसरी ऐकते. याला डायव्हर्सिटी म्हणतात. दोन्ही काड्या फाकवलेल्या दोन बोटांसारख्या तिरप्या ठेवा, मध्ये काटकोन हवा.

बचत गटासाठी सेट घेताना दुकानदाराला नीट विचारा. दोन माईकच्या काही स्वस्त सेटमध्ये दोन अँटेना दिसतात, पण प्रत्येक माईकला एकच मिळते. ती डायव्हर्सिटी नव्हे. अँटेना तुटली तर त्याच सेटची आणा, कारण तिची लांबी लहरीच्या मापाने ठरलेली असते.

हातातल्या माईकची अँटेना बहुधा खालच्या टोकाला असते. तिथे मूठ आवळू नका, मधोमध धरा.

सभेआधी एकीने माईक घेऊन बोलत सगळीकडे फिरावं, दुसरीने स्पीकरपाशी ऐकावं. जिथे आवाज तुटेल, तिथे रिसीव्हर हलवून पुन्हा बघा. लोक जमल्यावर लहरी आणखी अडतात, म्हणून रिकाम्या मांडवात आवाज जेमतेम पोहोचत असेल तर तेवढ्यावर थांबू नका.